ड्रोन सरकतोय कुणीकडे: भिंतीकडे की स्वतःच्या डावीकडे?

(हा भाग ऐकण्याऐवजी वाचणं ज्यांना सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोलले तसंच.)

(००:००) सुरुवात

कानात इअरफोन घालून बदलापूर लोकलमध्ये उभे असाल तर आज डोकं जरा जागं ठेवा, मध्येमध्ये थोडी आकडेमोड आहे. घाबरू नका, दहावीच्या वर काही नाही.

विषय आहे छोटे, प्रोग्रॅम करता येणारे ड्रोन. तळहातावर मावणारे. आणि त्यांचा सगळ्यात जास्त छळणारा आजार. ड्रोन टेकऑफ घेतो, मीटरभर वर जातो, आणि जागेवर थांबायच्या ऐवजी गुपचूप एका बाजूला सरकायला लागतो. कुणी कंट्रोलला हात लावलेला नाही, तरी सरकतोय. भिंत येईपर्यंत सरकतोय.

मी शनिवारी बदलापूर पूर्वेला एका क्लासमध्ये मुलांना पायथन शिकवायला जाते. तिथे पाच ड्रोन आहेत. तिघांच्या पोटाला खाली बघणारा कॅमेरा आहे, दोघांना नाही. मी जायला लागले तेव्हा त्यातल्या दोघांवर पांढरी चिकटपट्टी होती आणि पट्टीवर मार्करने लिहिलेलं होतं: ‘खराब’. एका दुरुस्तीवाल्याने बघून सांगितलं होतं, बोर्ड गेलाय, साडेतीन हजार प्रत्येकी. क्लासच्या सरांनी ते खोक्यात टाकले.

आता हिशेब बघा. मुलं अकरा, चालू ड्रोन तीन. एक बॅटरी जेमतेम दहा मिनिटं. म्हणजे दोन तासांच्या तासिकेत एका मुलाच्या वाट्याला खऱ्या उडवण्याची किती मिनिटं येणार? आणि त्यातच नववीतल्या एका मुलीचा प्रकल्प शाळेच्या प्रदर्शनात जायचा होता, दहा दिवसांवर. ड्रोनने लाल खोकं शोधायचं आणि त्याच्या बरोबर समोर थांबायचं. तिचा ड्रोनही डावीकडे सरकायला लागला. सरांच्या हातात मार्कर आला, तिसरी पट्टी लिहायला.

आजचा भाग त्या तीन ड्रोनबद्दल आहे. तिन्ही सरकत होते, आणि तिघांची कारणं वेगळी होती. बोर्ड एकाचाही गेलेला नव्हता.

(०२:१०) नवीन का घेत नाही?

पहिला प्रश्न हाच येतो. ‘ताई, नवीनच घ्या ना.’ तर एक लक्षात ठेवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने परदेशी तयार ड्रोनची आयात बंद केली. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांच्यासाठी सवलत आहे, सुटे भाग आणायला बंदी नाही. पण तुमच्या-माझ्यासाठी पूर्वीसारखं परदेशी डबा मागवणं संपलं. टेलो नावाचा ८० ग्रॅमचा ड्रोन २०१८ मध्ये आला आणि जगभर शिकवायला वापरला गेला. तो ज्यांच्याकडे आहे, त्यांनी तो जपूनच वापरायला हवा.

देशी पर्याय आहेत. आपल्या मुंबईचाच ‘प्लूटो’ घ्या. आयआयटी मुंबईतून पुढे आलेल्या द्रोणा एव्हिएशनचा. फोनवरून उडतो, आणि त्यात स्वतः लिहिलेला कोड टाकता येतो. ईएसपी-३२ चिपवर बांधलेले स्वस्त ड्रोनही आता मिळतात. पण कुठलाही घ्या, सरकण्याचा आजार सगळ्यांना होतो. त्यामुळे दुरुस्ती यायलाच हवी.

(०३:२०) मुळात सरकतो का?

आपल्याला वाटतं की ड्रोन हवेत ‘उभा’ आहे. प्रत्यक्षात साध्या ड्रोनला स्वतःची जागाच माहीत नसते. त्याच्याकडे दोन सेन्सर असतात. जायरो सांगतो, ‘मी किती वेगाने फिरतोय’. ॲक्सेलेरोमीटर सांगतो, ‘खाली कुठल्या दिशेला आहे’. या दोघांच्या जोरावर तो एकच गोष्ट करू शकतो: स्वतःला सपाट ठेवणं. सपाट राहणं म्हणजे जागेवर राहणं नव्हे. डोळे बांधून सरळ उभं राहिलेल्या माणसाला कुणी गुळगुळीत फरशीवर हळूच ढकललं, तर तो सरळ उभ्यानेच घसरत जाईल. तसं.

आता आकडा. समजा ड्रोन फक्त एक अंश डावीकडे कललाय. एक अंश डोळ्याला दिसतही नाही. पण पात्यांचा जोर तेवढा डावीकडे झुकतो, आणि बाजूचं त्वरण होतं गुरुत्वाकर्षणाच्या साधारण पावणेदोन टक्के. म्हणजे ०.१७ मीटर प्रति सेकंद वर्ग. हवेचा अडथळा सोडला, तर तीन सेकंदांत पाऊण मीटर, पाच सेकंदांत दोन मीटरच्या वर. दहा बाय बाराच्या खोलीत मधोमध उडवला तर चार-साडेचार सेकंदांत भिंत.

म्हणून ‘थोडासाच तर सरकतोय’ असं काही नसतं. एका अंशाची चूक पुरते. आणि ही चूक कुठूनही येऊ शकते: खोलीतून, ड्रोनच्या अंगातून, सेन्सरमधून किंवा तुमच्या कोडमधून. काम एवढंच, की चौघांपैकी कोण ते ओळखायचं.

मोठ्या ड्रोनना हा त्रास कमी का होतो? त्यांच्याकडे जीपीएस असतं. सरकले की त्यांना कळतं, आणि ते परत येतात. ‘थ्री इडियट्स’मधला ड्रोन आठवतो? तो ज्यांनी बनवला, ती आयडियाफोर्ज आज नवी मुंबईत सर्वेक्षणाचे आणि सैन्याचे ड्रोन बनवते. त्यांचा हिशेब वेगळा. आपला ड्रोन हॉलमध्ये उडतो, स्लॅबखाली. तिथे जीपीएस नाही.

(०५:३०) पहिली चाचणी: तीन उड्डाणं

आता आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बाकी सगळं विसरलात तरी चालेल, ही विसरू नका.

प्रश्न असा विचारायचा: ड्रोन खोलीतल्या एका भिंतीकडे सरकतोय, की स्वतःच्या एका बाजूकडे?

जमिनीवर चिकटपट्टीने फुली करा. पंखा बंद, खिडक्या बंद. ड्रोनला पात्यांभोवतीचे गार्ड लावा, आणि बघणाऱ्यांनी दोन-अडीच मीटर लांब उभं राहायचं. ड्रोनचं नाक खिडकीकडे करून उडवा, मीटरभर उंचीवर न्या, आणि पाच सेकंद कशालाही हात लावू नका. कुठे गेला ते वहीत लिहा. मग उतरवून नाक दाराकडे करा, परत तेच. मग नाक बाजूच्या भिंतीकडे, परत तेच. तिन्ही वेळा ॲपमधून उडवा, स्वतःच्या कोडमधून नाही.

तिन्ही वेळा तो एकाच भिंतीकडे गेला, तर ड्रोन निर्दोष आहे. दोष खोलीचा: वारा, फरशी, उजेड. तिन्ही वेळा तो स्वतःच्या डावीकडे गेला, म्हणजे नाक फिरवलं की भिंत बदलली, तर दोष ड्रोनच्या अंगात. आणि ॲपमधून नीट थांबतो, फक्त तुमचा प्रोग्रॅम चालू केला की सरकतो? मग स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवा आणि लॅपटॉप उघडा.

आमच्या क्लासमध्ये पंधरा मिनिटांत ही चाचणी झाली. ‘खराब’ नंबर एक: तिन्ही वेळा एसीच्या बाजूच्या भिंतीकडे. ‘खराब’ नंबर दोन: तिन्ही वेळा स्वतःच्या डावीकडे. त्या मुलीचा ड्रोन: ॲपवर एकदम शहाणा, कोडवर डावीकडे. मुलांनी वहीत तीन रकाने केले होते. उत्तर त्या रकान्यांतच होतं.

(०८:००) खोलीचा दोष

नंबर एकला पोटाला कॅमेरा होता. असे ड्रोन खालची जमीन बघत राहतात. चित्र डावीकडून उजवीकडे सरकलं, म्हणजे ‘मी डावीकडे चाललोय’, आणि ते स्वतःला परत आणतात. याला ऑप्टिकल फ्लो म्हणतात. छोट्या ड्रोनमध्ये बऱ्याचदा वापरला जाणारा एक फ्लो सेन्सर अवघ्या ३५ बाय ३५ ठिपक्यांचं चित्र बघतो. तुमच्या फोनच्या एका आयकॉनपेक्षा लहान चित्र! आणि त्याला निदान ६० लक्स तरी उजेड लागतो.

आता विचार करा. हॉलची फरशी कशी? पांढरी, चकचकीत, व्हिट्रिफाइड. त्या चिमुकल्या चित्रात सगळं पांढरं. काही सरकताना दिसतच नाही. उलट ट्यूबलाइटचं प्रतिबिंब दिसतं, आणि ते ड्रोनबरोबर वेगळ्याच चालीने हलतं. ड्रोनला वाटतं, ‘मी जागेवर आहे’. मग एसीचा हलका झोत त्याला निवांत ढकलत नेतो. एसी बंद केला, तर कुणीकडेही भटकतो.

टेलोवर हे ओळखायला दिवा असतो. हिरवा दोन-दोनदा लुकलुकला, तर खालचं नीट दिसतंय. पिवळा हळू लुकलुकला, तर जमीन हरवली आहे, आता फक्त सपाट राहण्यावर भागवतोय. हा दिवा ड्रोन उडत असताना बघायचा. टेबलावर नाही.

उपाय? घरातली गोधडी. गंमत नाही करत. आजीच्या हातची, वेगवेगळ्या तुकड्यांची, वेडीवाकडी टाके घातलेली गोधडी ही फ्लो सेन्सरसाठी उत्तम जमीन आहे. कुठलाही भाग दुसऱ्यासारखा नाही, चमक नाही, आणि वजनदार असल्यामुळे पात्यांच्या वाऱ्याने उडत नाही. वर्तमानपत्र चालतं, पण चारी बाजूंनी चिकटवा, नाहीतर तेच फडफडतं आणि ड्रोनला वाटतं आपण सरकतोय. एकसारख्या चौकटींची चटई टाळा, एक चौकट आणि शेजारची चौकट यात सेन्सर फसतो. छताचा पंखाही बंदच ठेवा. वारा तर आहेच, वर त्याची फिरणारी सावली जमिनीवर पडते.

अजून दोन गोष्टी. भिंतीच्या अगदी जवळ उडवू नका. खाली फेकलेली हवा भिंतीवर आपटून परत येते आणि ड्रोनला हलवते. आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर चाचणी करू नका, तिथे स्वतःच्याच वाऱ्यावर तो डगमगतो. मीटरभर वर न्या, मगच निकाल द्या.

गोधडी आली, एसी बंद झाला, नंबर एक फुलीवर उभा राहिला. पट्टी काढली. पहिला पेशंट घरी.

(१०:५०) अंगाचा आणि सेन्सरचा दोष

नंबर दोनला पोटाचा कॅमेरा नव्हता. तो स्वतःच्या डावीकडे जात होता. इथे क्रम पाळा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि ड्रोन सुधारला, तर कशाने सुधारला हे कधीच कळणार नाही. पुढच्या वेळी परत शून्यावर.

आधी डोळ्यांनी. बॅटरी पूर्ण आत बसली आहे का? एवढ्या हलक्या ड्रोनमध्ये बॅटरी चार मिलिमीटर बाहेर राहिली तरी तोल बिघडतो. गार्ड चारही नीट अडकलेत का? वर कुणी स्टिकर, लाइट, मोबाइलचा रिंग-होल्डर चिकटवलाय का?

मग पाती. चार पात्यांपैकी दोन घड्याळाच्या दिशेने फिरतात, दोन उलट. समोरासमोरच्या कोपऱ्यांतली, म्हणजे तिरकी जोडी एकाच दिशेची. त्यामुळे एक सोपी अदलाबदल करता येते. तिरक्या जोडीतली दोन पाती एकमेकांच्या जागी लावा आणि उडवा. सरकण्याची दिशा बदलली? मग पातंच दोषी. दिशा तशीच? पाती सुटली, आता मोटर किंवा सेन्सर बघा. शेजारच्या कोपऱ्यातलं पातं लावू नका, ते उलट्या दिशेचं असतं, ड्रोन तिथल्या तिथे पालथा होईल.

वाकलेलं पातं नुसतं कमी जोर देत नाही, ते थरथरतं. ती थरथर ॲक्सेलेरोमीटरला ‘खाली’ कुठे आहे याबद्दल गोंधळात टाकते. म्हणून पाती आधी, कॅलिब्रेशन नंतर. हा क्रम उलटा करू नका.

नंबर दोनची पाती बदलली, दिशा बदलली नाही. मोटरी बोटाने फिरवल्या, चारही सारख्या मोकळ्या. मग राहिला सेन्सर.

कॅलिब्रेशन म्हणजे ड्रोनला सांगणं, ‘आत्ता तू जसा ठेवलायस, त्याला सपाट म्हणतात’. तो आज्ञाधारक आहे. तिरक्या टेबलावर ठेवून सांगितलंत, तर तिरक्यालाच सपाट मानेल आणि आयुष्यभर त्या बाजूला सरकेल. मी मुलांना विचारलं, हा शेवटचा कॅलिब्रेट कुठे केला होता? एक मुलगा म्हणाला, ‘ताई, गॅलरीत. तिकडे उजेड चांगला होता.’

गॅलरी! गॅलरीच्या आणि गच्चीच्या फरशीला मिस्त्री मुद्दाम उतार देतात, पावसाचं पाणी नळीकडे जावं म्हणून. आणि आपल्याकडे पाऊस काय पडतो ते उल्हास नदीच्या काठावर राहणाऱ्यांना सांगायला नको. साधारण शंभराला एक असा उतार धरला, तर कोन होतो ०.५७ अंश. त्याने बाजूचं त्वरण होतं ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि पाच सेकंदांत सव्वा मीटर. नंबर दोन बरोबर तेवढाच सरकत होता.

पण नुसत्या अंदाजावर थांबायचं नाही. शिवाय हॉलमधलं टेबल तरी सपाट आहे हे कशावरून? इथे एक छान युक्ती आहे. ड्रोन टेबलावर ठेवा, मोटरी बंद, आणि तो स्वतःचा रोल किती दाखवतो ते लिहा. मग त्याच जागी ड्रोन अर्धा फिरवा, नाक उलट दिशेला, आणि परत लिहा. टेबलाचा उतार दुसऱ्या वेळी उलटा मोजला जातो, पण सेन्सरची चूक तशीच राहते. म्हणून दोन्ही आकड्यांची बेरीज करून निम्मं केलं की सेन्सरची चूक. वजाबाकी करून निम्मं केलं की टेबलाचा उतार.

आमचे आकडे होते ०.९ आणि ०.३. बेरीज १.२, निम्मे ०.६: ही सेन्सरची चूक. वजाबाकी ०.६, निम्मे ०.३: हा टेबलाचा उतार. म्हणजे टेबलही पूर्ण सपाट नव्हतं! आणि ०.६ म्हणजे जवळजवळ गॅलरीचा उतार. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होते.

टेबलाच्या दोन पायांखाली पुठ्ठा घातला, मिस्त्री वापरतात ती बुडबुड्याची लेव्हल ठेवून बघितली, आणि मग कॅलिब्रेशन. करताना तीन गोष्टी पाळा. ड्रोन चालू करून एक-दोन मिनिटं तसाच ठेवा, चिप गरम झाली की सेन्सरचे आकडे थोडे हलतात. चालू करताना ड्रोन हातात धरू नका, त्याच क्षणी तो जायरोचं शून्य ठरवत असतो. आणि ज्या ड्रोनमध्ये सहा बाजूंनी ठेवून कॅलिब्रेशन करायचं असतं, टेलोसारखं, तिथे आधी पाती काढा.

दुसरी पट्टीही निघाली. दोन ड्रोनचे मिळून सात हजार रुपये वाचले. खर्च: पुठ्ठा.

(१५:१०) कोडचा दोष

आता त्या मुलीचा ड्रोन. ॲपवर शांत, कोडवर डावीकडे. इथे थोडा पायथन.

टेलोसारख्या ड्रोनला लॅपटॉपवरून वाय-फायने मजकूर पाठवायचा असतो. त्यातला एक हुकूम आहे ‘आरसी’. त्याच्यापुढे चार आकडे: डावं-उजवं, पुढं-मागं, वर-खाली, आणि फिरणं. प्रत्येक उणे १०० ते अधिक १००. लक्षात ठेवायची गोष्ट ही, की आरसी हा ‘एकदा ढकल’ असा हुकूम नाही. ‘स्टिक इथे धरून ठेव’ असा आहे. नवा हुकूम येईपर्यंत तो तसाच लागू राहतो. काहीच नवीन आलं नाही, तर पंधरा सेकंदांनी ड्रोन आपोआप उतरतो. पण पंधरा सेकंद खूप असतात.

तिचा कोड असा होता: कॅमेऱ्यात लाल खोकं दिसलं, तर त्याचा मध्य आणि चित्राचा मध्य यातला फरक काढ. फरकाला ४० ने भाग, १० ने गुण, आणि तो आकडा आरसीला दे. भागायला तिने दोन तिरक्या रेघांचा भागाकार वापरला होता, म्हणजे पूर्णांक देणारा. वाचायला एकदम बरोबर.

मी तिला सांगितलं, ड्रोन बाजूला ठेव, आणि फक्त आकडे छापून बघ. फरक अधिक ३० असेल तर काय येतं? शून्य. आणि उणे ३० असेल तर? तिने छापलं: उणे १०. ती स्क्रीनकडे बघत राहिली. ‘ताई, दोन्हीकडे सारखं यायला पाहिजे ना?’

पायथनमधला तो भागाकार शून्याकडे जात नाही, नेहमी खालच्या आकड्याकडे जातो. ३० भागिले ४० म्हणजे पाऊण, खाली शून्य. उणे पाऊण, त्याच्या खाली उणे एक. म्हणजे खोकं किंचित उजवीकडे असलं तर ड्रोन गप्प, किंचित डावीकडे असलं तर लगेच डावीकडे. उजवीकडे जायला चाळीस ठिपक्यांचा फरक लागतो, डावीकडे जायला एकच पुरतो.

पण एवढ्याने तो भिंतीपर्यंत गेला नसता. खोकं उजवीकडे गेलं की परत थांबला असता. मग तिनेच पुढचं शोधलं. तिच्या कोडमध्ये ‘खोकं दिसलं तर’ होतं, पण ‘नाहीच दिसलं तर’ नव्हतं. संध्याकाळी उजेड कमी झाला, लाल रंग ओळखू येईना, आणि त्या क्षणी शेवटचा हुकूम जो गेला होता, तो लागू राहिला. शेवटचा हुकूम शून्य असेल नाहीतर उणे १०. अधिक १० जवळजवळ कधीच नाही. म्हणून नेहमी डावीकडे!

तिने दोन ओळी बदलल्या. साधा भागाकार करून मग गोल आकडा केला, आणि खोकं दिसलं नाही तर चारही शून्य पाठवले. तिसरी पट्टी लागलीच नाही. प्रदर्शनात ड्रोन खोक्यासमोर थांबला, आणि तिच्या तक्त्यावर ड्रोनच्या फोटोखाली तिने तो भागाकाराचा छोटा कोष्टक लावला होता. परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच्यासमोर काढला म्हणे.

कोडमधल्या अजून दोन जागा पटकन सांगते. एक: टेलोचं चित्र ९६० रुंद येतं. तुम्ही ते वेगासाठी ३६० केलंत, तर मध्यही ४८० वरून १८० वर आणायला हवा. नाहीतर ड्रोन आयुष्यभर एका बाजूला धावेल. दोन: हे हुकूम यूडीपीने जातात. यूडीपी म्हणजे साधं पोस्टकार्ड, पोचल्याची पावती नाही. आपल्या इमारतींमध्ये एका घरात बसून वीस-पंचवीस वाय-फाय दिसतात. त्या गर्दीत ‘थांब’ हा हुकूम हरवला, तर ड्रोन आधीच्याच हुकमावर चालत राहतो. म्हणून शून्याचा हुकूम एकदाच पाठवू नका, दर थोड्या वेळाने पाठवत राहा.

(१८:३०) तुमचे प्रश्न

उल्हासनगर कॅम्प पाचमधून एकाने विचारलंय: ‘माझा ड्रोन टेकऑफलाच झटका देऊन मागे-डावीकडे जातो, मग सावरतो. बॅटरी कमी झाली की परत सुरू. घराखाली आमचा जीन्स शिवायचा कारखाना आहे.’

भाऊ, शेवटचं वाक्य लिहिलंस ते फार बरं केलंस. झटका, मग सावरणं, आणि बॅटरी उतरल्यावर परत: ही सेन्सरची लक्षणं नाहीत, सेन्सरची चूक पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत सारखी असते. ही कमजोर मोटरची लक्षणं आहेत. एक मोटर दमलेली असली की बाकीच्या मिळून सांभाळून घेतात, पण जोर कमी पडला की तोल जातो. मागच्या डाव्या मोटरचं पातं काढ आणि भिंगाने बघ. दांड्याभोवती जीन्सच्या दोऱ्याचा तुकडा गुंडाळलेला असण्याची दाट शक्यता आहे. चिमट्याने सोडव, ओढू नकोस. दोरा नसेल आणि तरी मोटर अडकत फिरत असेल, तर मोटर बदल. छोट्या ड्रोनच्या ब्रशवाल्या मोटरी झिजतातच. लॅमिंग्टन रोडला शोध, पण जुनी मोटर बरोबर घेऊन जा. जाडी आणि लांबी दोन्ही जुळायला हवीत, आणि फिरायची दिशासुद्धा.

दुसरा प्रश्न, बदलापूर पश्चिमेहून: ‘ॲपमध्ये ट्रिम आहे. डावीकडे जातोय तर ट्रिम उजवीकडे केली की झालं, एवढं कशाला?’

सायकलचं हँडल वाकडं झालं, तर वाकडं धरून सरळ चालवता येतं. पण ती सायकल दुसऱ्याला देता येत नाही. ट्रिम वाईट नाही, पण ती शेवटी. आधी ट्रिम केलीत आणि नंतर पातं बदललंत, तर ड्रोन उलट बाजूला सरकणार. मग तुम्ही नसलेला आजार शोधत बसणार. शोधाशोध सुरू करण्याआधी ट्रिम शून्यावर आणा.

तिसरा, अंबरनाथहून: ‘बाहेर मोकळ्यावर उडवून चाचणी केली तर? शिवमंदिराच्या आवारात जागा छान आहे.’

नको. पहिलं, ऐंशी ग्रॅमच्या ड्रोनला झुळूकही वारा आहे. बाहेर सरकला तर कारण कळणारच नाही. दुसरं, १०६० सालातलं ते शिवमंदिर पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे, तिथे परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही. तिसरं, अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. तिच्या आसपास तर विचारही नको. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ असतो आणि त्याला पायलट परवाना लागत नाही. पण परवाना लागत नाही म्हणजे कुठेही उडवा असं नाही. डिजिटल स्कायच्या नकाशावर आपली जागा लाल आहे, पिवळी आहे की हिरवी, ते आधी बघा. पोलिसांचे तात्पुरते मनाईहुकूमही असतात. हॉल, गोधडी आणि बंद पंखा. चाचणीची खरी जागा तीच.

(२१:४०) जाता जाता

सगळं एका दमात परत सांगते, स्क्रीनशॉटसाठी:

१. ट्रिम शून्य, पंखा-एसी बंद, गार्ड लावलेले, बॅटरी पूर्ण भरलेली.
२. नाक तीन दिशांना करून तीन उड्डाणं, ॲपमधून. वहीत लिहा.
३. एकाच भिंतीकडे गेला: फरशी, उजेड, वारा.
४. स्वतःच्या एका बाजूला गेला: बॅटरीची जागा, तिरक्या पात्यांची अदलाबदल, मोटरमधला दोरा, आणि शेवटी सपाट जागेवर कॅलिब्रेशन.
५. फक्त कोडवर सरकला: आकडे छापा, अधिक आणि उणे दोन्ही बाजू तपासा, आणि ‘नाही दिसलं तर काय’ ते लिहा.
६. एका वेळी एकच बदल.

आणि एक सांगायचं राहिलं. आमच्या क्लासमध्ये आता ‘खराब’ असं लिहायचं नाही, असा नियम मुलांनीच केलाय. पट्टी लावायची असेल, तर तिच्यावर लक्षण लिहायचं: ‘स्वतःच्या डावीकडे, पाच सेकंदांत सव्वा मीटर, २ मे’. असं लिहिलं की पुढचा मुलगा तिथून पुढे शोधायला लागतो. ‘खराब’ लिहिलं की खोकं बंद होतं. अकरा मुलांना आता पाच ड्रोन आहेत.

पुढच्या भागात बॅटरी: फुगलेली कशी ओळखायची आणि तिचं करायचं काय. तोपर्यंत, डोळे सांभाळा, गार्ड लावा, आणि आजीला विचारल्याशिवाय गोधडी घेऊ नका. भेटू!